‘गाडी ओढतेय’ एवढ्यावर थांबू नका: टायरची रचना आणि गाडीचं वागणं ओळखायला शिकवणारे शब्द

गॅरेजमध्ये गेल्यावर आपल्या तोंडी ठरलेली तीन वाक्यं असतात. गाडी ओढते. गाडी थरथरते. गाडी वळणावर सुटल्यासारखी वाटते. तिन्ही खरी असतात, पण कारागिराला त्यातून फारसं काही कळत नाही. नुसत्या ‘ओढते’ या तक्रारीमागे एका चाकातली कमी हवा असू शकते, बिघडलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन) असू शकतं, चिकटलेला ब्रेक असू शकतो, खुद्द टायरमधला दोष असू शकतो किंवा नुसता रस्त्याचा उतारही असू शकतो.

माझ्या गाडीचं स्टिअरिंग ताशी नव्वदच्या आसपास थरथरायचं. ‘अलाइनमेंट करून द्या’ असं मीच सांगितलं. दोनदा करून घेतलं, थरथर तशीच राहिली. अलाइनमेंटनं थरथर सहसा जात नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे एका कारागिरानं ते चाक मशीनवर फिरवून दाखवलं. टायरवर एका जागी उंचवटा आला होता, आतला पोलादी पट्टा रबरापासून सुटू लागला होता. त्याच टायरवर मी घरच्या चौघांना घेऊन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाऊन आलो होतो. तेव्हापासून हे शब्द मी नीट शिकून घेतले. रविवारची सकाळ, सपाट जागा, हवेचा मीटर आणि एक टॉर्च, एवढ्यावर तुम्हालाही ते आपल्या गाडीवरच शिकता येतील.

आधी टायरच्या अंगावरचा मजकूर वाचा

मारुती स्विफ्टच्या २०१८ ते २०२४ या पिढीचं उदाहरण घेऊ. वरच्या प्रकारात १८५/६५ आर१५ मापाचे टायर येत, खालच्या प्रकारात १६५/८० आर१४.

१८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६५ हा प्रोफाइल, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे ती १८५ च्या ६५ टक्के, सुमारे १२० मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. आता पूर्ण चाकाचा व्यास काढा: १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की सुमारे ६२१ मिमी. १४ इंची टायरचं गणित केलंत तर उत्तर सुमारे ६२० येतं. रिम वेगळी, रुंदी वेगळी, पण बाहेरचा व्यास जवळजवळ एकच. कंपनी हे मुद्दाम जुळवते, कारण स्पीडोमीटर, गिअरचं गणित आणि चाकाच्या कमानीतली जागा या व्यासावर अवलंबून असते. मोठ्या रिम बसवायची हौस असेल, तर हाच हिशेब आधी करा.

मापापुढे ‘८८एच’ असं काही छापलेलं असतं. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५६० किलो भार पेलतो. ‘एच’ ही वेगाची खूण, ताशी २१० किमी. ‘टी’ म्हणजे १९०, ‘व्ही’ म्हणजे २४०. आपण २१० नं जाणार नाही हे खरं, पण ही खूण टायर किती उष्णता सोसतो तेही सांगते. म्हणून कंपनीनं दिलेल्या खुणेपेक्षा खालची कधी घेऊ नये.

लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा. ३५२३ असेल तर टायर २०२३ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. टायर फक्त धावून जुना होत नाही, उन्हात उभा राहूनही रबर कडक होतं. नवा म्हणून घेतलेला टायर दुकानात किती काळ पडून होता, ते हे आकडे सांगतात.

भिंतीवरच लिहिलंय आत काय आहे

बारीक अक्षरांतली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ट्रेडखाली (म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या थराखाली) १ पॉलिएस्टर, २ स्टील, १ नायलॉन. साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत, १ पॉलिएस्टर, असा काहीसा मजकूर असतो. टायर न कापता त्याचा आतला नकाशा इथे मिळतो.

सगळ्यात आत इनर लायनर असतो, हवा धरून ठेवणाऱ्या ब्युटिल जातीच्या रबराचा पातळ थर. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम हाच करतो. त्यावर कार्कस किंवा केसिंग: पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा थर, जो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. टायरची ताकद म्हणतात ती या दोऱ्यांत. रबर दोऱ्यांना एकत्र धरतं आणि आतली हवा त्यांना ताणून ठेवते.

हे दोर कोणत्या दिशेनं जातात, त्यावरून टायरची जात ठरते. जुन्या बायस टायरमध्ये ते तिरके, एकमेकांना छेदत जायचे. त्यामुळे भिंत आणि ट्रेड यांची हालचाल एकमेकांत अडकलेली असायची. भिंत वाकली की ट्रेडही वेडावाकडा व्हायचा, तापायचा, लवकर झिजायचा. रेडियलमध्ये दोर चाकाच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात असतात. मिशेलिननं १९४६ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ पासून असे टायर ‘एक्स’ या नावानं विकायला काढले. भिंतीला मोकळेपणी लवू द्यायचं आणि ट्रेडला मात्र पोलादी पट्ट्यांनी सपाट धरून ठेवायचं, ही त्यातली मोठी कल्पना. पट्टे म्हणजे बेल्ट: कार्कसवर, ट्रेडखाली, तिरक्या पोलादी तारांचे दोन थर. त्यावर बऱ्याच टायरांत नायलॉनची कॅप प्लाय असते. वेगात तारा बाहेरच्या बाजूला फेकल्या जाऊ पाहतात, त्यांना ती आवळून धरते.

कडेला असते बीड, पोलादी तारांचं कडं. टायर रिमला घट्ट धरून ठेवणारं हेच. त्याच्यावर कडक रबराची पाचर असते, तिला एपेक्स किंवा बीड फिलर म्हणतात. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी लगेच वळते की क्षणभर विचार करून वळते, यात या पाचरीचा आणि भिंतीच्या उंचीचा मोठा हात असतो. प्रोफाइल जितका कमी, तितकी भिंत बुटकी आणि कडक. गाडी चपळ वाटते, पण खड्डा थेट कमरेत जाणवतो आणि रिम वाकण्याची भीतीही वाढते. आपले रस्ते पाहता, रोजच्या गाडीला फार बुटका टायर लावू नये असं माझं ठाम मत आहे.

ट्रेड म्हणजे आपण ज्याला नक्षी म्हणतो तो थर. त्यातले मोठे चर पाणी वाहून नेतात, बारीक चिरांना साइप म्हणतात. ट्रेड जिथे भिंतीकडे वळतो तो शोल्डर. चरांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे दिसतील, ते झीजदर्शक. ट्रेड त्यांच्या पातळीला आला की चराची खोली १.६ मिमी उरलेली असते. कारसाठी कायद्यानं चालणारी किमान खोली तीच. नव्या टायरला ती साधारण ७ ते ८ मिमी असते.

आता ‘फुगा’ कशाला म्हणायचा ते. खड्ड्याच्या धारदार कडेवर टायर आपटला की भिंत रिम आणि कडेच्या मध्ये चिमटली जाते, कार्कसचे दोर तुटतात आणि हवा त्या जागी रबराला बाहेर ढकलते. हा दुरुस्त होत नाही. ‘थोडे दिवस चालेल’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, टायर बदला. मात्र भिंतीवर वरपासून खालपर्यंत हलका आत गेलेला खळगा दिसला तर घाबरू नका. कार्कसच्या थराची दोन टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे दोर दुप्पट होतात, म्हणून ती जागा कमी फुगते. बाहेर आलेलं वाईट, असा हलका आत गेलेला खळगा बहुधा निरुपद्रवी.

हवा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. तक्त्यातला आकडा गार टायरसाठी आहे, म्हणजे सकाळी गाडी हलवण्याआधीचा. ताशी शंभरनं तासभर चालवल्यावर मीटरनं चार-पाच पाउंड जास्त दाखवले तर ते अपेक्षितच आहे. ती हवा सोडायची नाही.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो’ हा समज मला फार धोक्याचा वाटतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते. वाकणं म्हणजे उष्णता. १८५/६५ आर१५ चा परीघ सुमारे १.९५ मीटर. ताशी १०० किमी वेगात हे चाक सेकंदाला चौदाहून जास्त वेळा फिरतं, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा वाकतो आणि सरळ होतो. वेग आणखी वाढला आणि हवा फारच कमी असली, तर एक वाक सरळ व्हायच्या आत पुढचा येतो आणि ट्रेडवर लाट उभी राहते. तिला स्टँडिंग वेव्ह म्हणतात. त्यानंतर टायर मिनिटांत तापून फुटू शकतो. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ सिमेंट रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगानं जाताना टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. तिथे निघण्याआधी हवा तक्त्याप्रमाणे भरा. डिकी भरलेली आणि पाच माणसं असतील तर तक्त्यातला ‘पूर्ण भार’ हा रकाना पाहा.

टायर जमिनीला किती टेकतो तेही हवाच ठरवते. त्या जागेला काँटॅक्ट पॅच म्हणतात. एका चाकावर ३०० किलो भार आणि ३३ पाउंड हवा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो, असं धरलं तर पॅच येतो सुमारे १३० चौरस सेंटीमीटर. टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटीमीटरचं असतं, जवळजवळ तेवढाच. चारही मिळून एका ए-फोर कागदाहून लहान. ब्रेक, वळण, वेग, सगळं या चार पोस्टकार्डांतून जातं.

डोळ्यांनी पाहा, मग तळहात फिरवा

ट्रेड मधोमध झिजलाय? हवा जास्त राहिली. दोन्ही शोल्डर झिजलेत? कमी राहिली. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजलीय? कँबर किंवा टो बिघडलाय (हे चाकांचे कोन, ते पुढे अलाइनमेंटच्या भागात सांगतो). आतली कड नुसत्या नजरेला दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारा. बाहेरून छान दिसणारा टायर आतून तारेपर्यंत आलेला मी पाहिला आहे.

मग तळहात ट्रेडवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं खरबरीत लागलं तर ती फेदरिंग, टो चुकल्याची खूण. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे लागले तर ते कपिंग. त्यात आधी शॉकअप तपासायला सांगा, नाहीतर नवे टायरही तसेच होतील.

थरथर आणि ओढ, दोन वेगळी दुखणी

थरथर म्हणजे चाक समतोल नाही किंवा गोल नाही. रिमवर २० ग्रॅम वजनाचा फरक असला, तर ताशी ९० किमीला तो दर फेरीला सुमारे अडीच किलोचा धक्का देतो. चाक त्या वेगात सेकंदाला सुमारे तेरा वेळा फिरतं आणि बहुतेक गाड्यांमध्ये चाक व सस्पेन्शन याच ठेक्यावर सहज नाचू लागतात. म्हणून थरथर ऐंशी ते शंभरच्या पट्ट्यात जास्त जाणवते आणि पुढे कमीही होते. स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. ‘बॅलन्सिंग करा आणि चाक गोल फिरतंय का तेही बघा’ असं सांगा. बॅलन्सिंग होऊनही थरथर राहिली, किंवा ती दिवसेंदिवस वाढत असली, तर पट्टा सुटल्याची शंका घ्या आणि त्या टायरवर महामार्गाला लागू नका.

ओढीची परीक्षा रिकाम्या, सरळ रस्त्यावर करा. आपले डांबरी रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो. त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकणं साहजिक आहे. सपाट सिमेंट रस्त्यावरही ती ओढत असेल तर आधी हवा सारखी करा. तरीही ओढली तर पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे करू नका. अदलाबदलीनंतर ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. आतला पट्टा जरा बाजूला बसला असला की टायर सूक्ष्म शंकूसारखा वागतो, याला कोनिसिटी म्हणतात. ओढ तिथेच राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कारागिराशी होणारा निम्मा वाद यानं मिटतो.

अलाइनमेंटचा कागद मागून घ्या

काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून देतात. तो कागद मागा. त्यात तीन शब्द असतात.

टो: वरून पाहिल्यावर पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली आहेत. टायर सगळ्यात जास्त खातो तो हाच, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत तो जुळवता येतो. कँबर: समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर किती कललंय. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा कँबर जुळवण्याची सोयच नसते. तो मर्यादेबाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि मशीनवर कितीही वेळ घालवला तरी ते सुधारणार नाही. कॅस्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागेपुढे कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं, वेगात गाडी सरळ राहते, ती मुख्यतः याच्यामुळे. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक असला की गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

घाटात काय होतं

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना एखाद्या वळणावर स्टिअरिंग फिरवा. टायर बरोबर त्याच दिशेला जातो असं वाटतं, पण तसं होत नाही. पॅचमधलं रबर किंचित पिळतं, आणि चाकाचं तोंड ज्या दिशेला आहे त्यापेक्षा टायर थोडा बाहेरून जातो. या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. नाव घसरण्याचं असलं तरी ही घसरण नव्हे. वळवणारं बळ याच पिळातून तयार होतं. रोजच्या चालवण्यात तो एक-दोन अंश असतो. कोरड्या रस्त्यावर साधारण सहा ते दहा अंशांच्या दरम्यान पकड कळसाला पोहोचते, त्यापुढे टायर खरोखर घसरू लागतो.

आता पुढचे दोन शब्द सोपे होतात. पुढच्या चाकांचा स्लिप अँगल मागच्यांपेक्षा जास्त झाला तर अंडरस्टिअर: स्टिअरिंग वळवलंय, पण गाडीचं नाक सरळ, वळणाच्या बाहेर चाललंय. मागच्यांचा जास्त झाला तर ओव्हरस्टिअर: मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी हवी त्याहून जास्त वळते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या बहुतेक कार मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकत्या बनवतात, कारण त्यात माणूस उपजत करतो ते, म्हणजे पाय उचलणं, बहुधा बरोबर ठरतं. अंडरस्टिअरमध्ये स्टिअरिंग आणखी पिळू नका. ॲक्सिलरेटर हळूच सोडा, पकड परत येईल.

पाय उचलणंही हळू का? भार सरकतो म्हणून. ब्रेक मारला की भार पुढे जातो, वळलं की बाहेरच्या चाकांवर जातो. टायरची पकड भाराबरोबर वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही. आतल्या चाकानं जेवढी पकड गमावली, तेवढी बाहेरच्या चाकाला मिळत नाही. म्हणजे भार जितका इकडून तिकडे फेकाल, तितकी एकूण पकड कमी होत जाते. वळणाच्या मधोमध घाबरून जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेऊ शकते. म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करा.

हवेचा इथेही संबंध आहे. ज्या ॲक्सलची हवा कमी, त्याचा स्लिप अँगल त्याच वळणावर जास्त. मागचं एक चाक हळूहळू पंक्चर होत असेल तर गाडी ‘शेपूट हलवतेय’ असं वाटतं. ते जाणवलं की थांबा आणि उतरून पाहा.

पावसाळ्याआधी

चरांतून पाणी निघेनासं झालं की टायर पाण्यावर चढतो, यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग अचानक हलकं होणं ही पहिली खूण. विमानांच्या टायरवरच्या प्रयोगांतून नासानं एक सूत्र मांडलं: पाउंडांतल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, म्हणजे नॉट्समध्ये (विमानांच्या वेगाचं एकक) तो वेग. साचलेलं पाणी आणि गुळगुळीत टायर असतील तर ३३ पाउंडांना तो ताशी सुमारे ९६ किमी येतो, २५ पाउंडांना सुमारे ८३. कारचा टायर हुबेहूब असाच वागेल असं नाही, पण कमी हवा पावसातही घात करते एवढं यातून स्पष्ट होतं. कायदा १.६ मिमी म्हणतो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या पावसात मी ३ मिमीच्या खाली आलेले टायर चालवत नाही.

टायर तरंगला तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवू नका. पाय हळू उचला आणि चाकं सरळ ठेवून पकड परत यायची वाट पाहा.

दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. दुकानदार बहुधा पुढे लावतो म्हणेल, कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड गेली तर अंडरस्टिअर होतो आणि पाय उचलून सावरता येतं. मागची गेली तर ओव्हरस्टिअर होतो आणि तो सावरायला बहुतेकांना वेळ मिळत नाही. नवे टायर मागे, मागचे बरे टायर पुढे, चारही चाकांचं बॅलन्सिंग, आणि निघण्याआधी स्टेपनीची हवाही पाहून घ्या.